पुढचं काही दिसत नसताना देवावर भरवसा ठेवून पाऊल टाकलंय का? तुमचे अनुभव लिहा

सलाम सगळ्यांना. आमच्या नगरच्या चर्चमध्ये लहानपणी उपासनेत साक्षीची वेळ असायची, कुणीतरी उभं राहायचं, आजारपण, कर्ज, पोराची नोकरी असं काही सांगायचं आणि मग प्रभूने कसं सोडवलं ते, आणि सगळे आमेन म्हणायचे. मला त्या साक्षी फार आवडायच्या, पण सुटका व्हायच्या आदल्या रात्री त्या माणसाला काय वाटत होतं हे कुणी सांगायचंच नाही. मला ती आदली रात्र ऐकायचीय. शेवट गोड झालाच पाहिजे अशी अट नाही.

आधी माझं सांगते. २०१४ ला माझ्या नवऱ्याने ३८ व्या वर्षी चाकणची पर्मनंट नोकरी सोडली, पाळक (चर्चचा धर्मगुरू) व्हायचं म्हणून. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत ॲडमिशन मिळाली (ती आधी यवतमाळला होती, १९८३ ला पुण्यात आली, माझे एक मामा यवतमाळलाच शिकलेले). दोन मुलं, मोठी चौथीत. माझे वडील म्हणाले, "जावईबापू, पाचारण तुम्हाला झालंय, लेकरांना नाही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. बायबलमधला अब्राहाम कुठे जायचं ते ठाऊक नसताना निघाला हा दाखला सगळ्यांनी दिला, पण मला सारखी त्याची बायको सारा आठवायची, तंबू तिनेच आवरला असेल ना, भांडीकुंडी तिनेच बांधली असतील. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार (ख्रिस्तभक्तांची मंडळी) काढला तेव्हा घर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनाच चालवायचं होतं. मी त्या दिवसांत त्यांचाच विचार करायचे.

जूनमध्ये शाळेची फी भरायला पैसे नव्हते. फी हप्त्याने घ्या असा अर्ज लिहायला मला तीन रात्री लागल्या कारण आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, रोज रात्री प्रार्थना करायचे आणि लिहायला घ्यायचे आणि कागद फाडायचे. मुख्याध्यापिकांनी वाचला आणि सही केली. एवढंच झालं, आकाशातून मान्ना (बायबलात देवाने रानात पाठवलेलं अन्न) पडला नाही. पण जिना उतरताना मी रडले आणि पहिला फोन वडिलांना केला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात गावाहून ज्वारीचं पोतं आलं.

आता तुम्ही लिहा.

मिरजेहून

आमच्याकडे तीन पिढ्या नर्स. डॉ. वॉन्लेसनी १८९४ ला मिरजेत जे मिशन हॉस्पिटल काढलं तिथे आजी शिकली. मी दुसरीकडे आहे.

एप्रिल २०२१. वॉर्डात आम्ही सात जणी, त्यात तिघी पॉझिटिव्ह. घरी आई, ६७ वर्षांची, शुगर असलेली. मॅट्रन स्वतःहून म्हणाल्या, घरी म्हातारं माणूस आहे तर तू नॉन-कोविडला जा, कुणी नाव ठेवणार नाही. मी दोन दिवस मागून घेतले. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझी आजी महारोग्यांच्या जखमा धुऊन घरी यायची आणि आम्हाला जेवू घालायची, जा तू. मी ९१ वं स्तोत्र वाचलं, मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही असं ज्यात आहे ते, आणि ड्युटीवर गेले.

तीन आठवड्यांनी मला झाला. मग आईला. मी बरी झाले, आई अकराव्या दिवशी गेली. मातीला मी, भाऊ आणि पाळकसाहेब, तिघंच, पीपीई किट घालून.

९१ वं स्तोत्र मी नंतर दोन वर्षं उघडलं नाही. चर्चला जायचे पण शेवटच्या बाकावर, गीत सुरू झालं की ओठ मिटून उभी. लोक म्हणायचे देवाची इच्छा, आणि मला ते ऐकवायचं नाही. आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी मात्र दर बुधवारी यायच्या, वचन नाही, उपदेश नाही, बसून माझा लसूण सोलून द्यायच्या आणि जाताना डोक्यावर हात ठेवायच्या. एका बुधवारी मीच म्हणाले, मावशी, ते स्तोत्र वाचा. त्यांनी वाचलं. मधे त्यांचाच आवाज फुटला तर पुढचं मी वाचलं.

माझा निर्णय बरोबर होता का हे मला ठाऊक नाही. देवाशी खूप भांडले पण ते भांडणही प्रार्थनेतच झालं, दुसरीकडे कुठे जावंसं वाटलं नाही. परत तशी वेळ आली तर मी जाईन का? जाईन बहुतेक. आईने सांगितलंय.

वसईहून

जय येशू. आमची वाडी आहे, केळी, फुलं, थोडी पानवेल. चारी बाजूंनी बिल्डिंगी झाल्या, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, भाऊ म्हणतो विकून टाकू. बाबा फादर दिब्रिटोंच्या हरित वसई चळवळीच्या (वसईची हिरवाई वाचवायच्या) मोर्च्यांत असायचे. मी यंदा परत केळी लावली. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केली, मिस्सा (चर्चमधली उपासना) मागितली, पण खरं सांगतो, लावताना मनात विश्वासापेक्षा भीतीच जास्त होती. लावली मात्र.

पुण्याहून

मी ख्रिस्ती घरातला नाही. कॉलेजात रूममेटचा नवा करार वाचायला घेतला आणि सहा वर्षं नुसता वाचत राहिलो, कुणाला न सांगता. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी जबरदस्ती केली नाही, हे लिहावं लागतं म्हणून लिहितो. बाप्तिस्मा घ्यायचा ठरवला तेव्हा एकच प्रश्न होता, आईला काय वाटेल. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांची घरची माणसं किती वर्षं तुटली होती ते वाचून मी आणखीच घाबरलो होतो.

आईला स्वयंपाकघरात सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन बसली. चार महिने फोनवर फक्त जेवलास का एवढंच. वडील अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत, काकांनी लग्नपत्रिकेत माझं नाव घातलं नाही, ते सगळं आहेच. पण मागच्या गुड फ्रायडेला घरी होतो तर आईने सकाळी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली, म्हणाली उपास असतो ना आज तुमचा. गणपतीला मी घरी जातो, मोदक वळतो, आरतीला मागे उभा राहतो. चर्चमधल्या काही जणांना ते पटत नाही. मला आईचं घर सोडायचं नाहीये आणि प्रभूलाही, रोज दोन्हीसाठी प्रार्थना करतो.

दौंडहून

केडगाव आम्हाला जवळ, तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या उपासनेला कधीमधी जातो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले आणि पुढे १८९६ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या, त्यांना खायला कुठून घालणार याचा हिशोब आधी लागलेला नव्हता. तिथल्या आवारात बसून मी नवऱ्याला पहिल्यांदा म्हणाले की आपण दत्तक घेऊ आणि बाळच हवं असं नको, मोठी मुलगीही चालेल.

सरकारी पोर्टलवर नाव घातलं, कागदपत्रं, घर बघायला माणसं आली, वाट बघितली. सहा वर्षांची मुलगी मिळाली. पहिले तीन महिने ती रात्री पोळ्या उशीखाली लपवायची. सासूबाई म्हणाल्या रक्त कुणाचं काय माहीत. मी न्हाणीघरात नळ सोडून रडत प्रार्थना करायचे, प्रभू चूक केली का मी. नंतर आम्ही रोज रात्री एक पोळी डब्यात घालून तिच्याच हातात द्यायला लागलो, ही तुझी म्हणून. डबा अजून लागतो. आता सकाळी तीच पोळी ती कुत्र्याला घालते आणि सासूबाई तिच्याबरोबर फाटकापर्यंत जातात.

नाव नको

सगळं वाचलं. मला अजून पाऊल टाकता आलेलं नाही. कशाबद्दल ते लिहीत नाही पण वाचतेय. मिरजेच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं.

जालन्याहून

मी २४ वर्षांची, डी.एड. झालंय. धडगावकडच्या एका छोट्या मिशन शाळेत शिकवायला बोलावलंय, सातपुड्यात. मानधन कमी, मुलं पावरी बोलतात, मला त्यातला एक शब्द येत नाही. इथे शहरात एका इंग्लिश मीडियमला दुप्पट पगार मिळत होता. बायबलात यार्देन नदीचं पाणी याजकांचे (पुरोहितांचे) पाय बुडाल्यावर थांबलं, ते काठावर उभे होते तोपर्यंत नाही, हे मी संडे स्कूलच्या मुलांना तीन वर्षं शिकवलंय, आता पाय माझे आहेत आणि पोटात गोळा येतो.

सोमवारी निघतेय. नंदुरबारला आधी, मग तिथून धडगावची एसटी. पप्पा येतात म्हणाले सोडायला. आई आत गोधडी बांधतेय, मधेच सोडते, परत बांधते. प्रार्थनेत आठवण ठेवा, आणि कुणाला पावरी येत असेल तर मुलांना "बसा", "या", "जेवलात का" कसं म्हणायचं तेवढं सांगा.