मदत हवी आहे: घरातल्या चार कॉम्प्युटरांना गाण्यांचा एकच साठा कसा पुरवावा?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला राहतो. घरात चार मशिनं आहेत: बाबांचा विंडोजचा डेस्कटॉप, बायकोचं मॅकबुक, मुलाचा लिनक्सवाला लॅपटॉप आणि हॉलमध्ये अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला एक म्हातारा लॅपटॉप. गाणी मात्र सगळी बाबांच्या डेस्कटॉपवर, साधारण ४०० जीबी. सीडींवरून काढलेलं फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणारा फाईलप्रकार), जुनी एमपी३ आणि रिटायर झाल्यावर बाबांनी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवलेल्या कॅसेटी.

बाबा दुपारी आडवं व्हायच्या आधी डेस्कटॉप बंद करतात. वीज काय फुकट येते? शेअर केलेला फोल्डर त्याच मशिनवर, त्यामुळे हॉलमधलं गाणं तिथल्या तिथे गप्प. परवा किशोरीताई समेवर येता येता थांबल्या आणि आई पोळी तव्यावर टाकून बाहेर आली, "कोणी बंद केलं रे?"

आयट्यून्सचं होम शेअरिंग पाहिलं. एका अ‍ॅपल आयडीवर पाच कॉम्प्युटरपर्यंत चालतं. पण साठा असलेलं मशिन आणि त्यातलं आयट्यून्स दोन्ही चालू लागतं, म्हणजे दुपारचं रडगाणं कायम. शिवाय लिनक्ससाठी आयट्यून्स नाहीच, पोरगा बाहेर. प्रत्येक मशिनवर कॉपी ठेवावी तर मॅकबुकची डिस्कच २५६ जीबीची. "स्ट्रीमिंग घ्या की" म्हणणाऱ्यांना आधीच हात जोडतो. बाबांच्या कॅसेटींत ओळखीच्यांकडच्या घरगुती बैठका आहेत, रेडिओवरून टिपलेलं आहे. ते कुठल्या अ‍ॅपवर मिळणार?

प्लेलिस्टचं दुखणं वेगळंच. बाबांची यादी मॅकवर उघडली तर एक गाणं सापडेना. नोटपॅडमध्ये पाहिलं तर प्रत्येक ओळ 'डी:\गाणी\' पासून सुरू. मॅकमध्ये डी ड्राइव्ह कुठला आलाय!

तर हवं ते असं. साठा एक, पण आवडती ज्याची त्याची. मुलाचं रॅप बाबांच्या यादीत दिसलं तर घरात वाद ठरलेला. बाबांना रागावरून शोधता यायला हवं. आणि त्यांच्याशिवाय कोणाला फाईल उडवता येऊ नये. त्यासाठी नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) विकत घ्यावा की हॉलमधल्या लॅपटॉपलाच सर्व्हर करावं?

प्रतिसाद: नॅसवर इतक्यात पैसे घालू नका. त्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, गाणी त्याला जोडलेल्या डिस्कवर हलवा आणि नॅविड्रोम हा गाण्यांचा सर्व्हर बसवा. फुकट आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर ब्राउझरमधून वाजतं. प्रत्येकाला वेगळं खातं द्या; तारे, आवडती, प्लेलिस्ट त्या त्या खात्यापुरत्या राहतात. बाकीच्यांना मूळ फोल्डर दाखवायचीच गरज नाही. बाबांना तेवढा सांबातून (लिनक्सवरचा फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) लिहायच्या परवानगीसह शेअर करा.

प्लेलिस्टमधला 'डी:\गाणी\' एवढा भाग फाइंड-रिप्लेसने काढा, उलट्या तिरक्या रेघा सुलट करा आणि ती यादी एम३यू८ (युनिकोडमधली प्लेलिस्ट) फाईल म्हणून गाण्यांच्याच फोल्डरात वरती ठेवा. नॅविड्रोम आपणहून उचलतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, हे सेटिंग विसरू नका. बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावर तीच यूपीएस.

प्रतिसाद (खारघरहून): रागासाठी आम्ही सरळ टॅगमधला (फाईलीतच लिहिलेली गाण्याची माहिती) जॉनरचा, म्हणजे संगीतप्रकाराचा, रकाना वापरतो. तसंही 'इंडियन क्लासिकल' एवढंच तिथे लिहून कोणाचं भलं झालंय? फक्त 'यमन' कुठे देवनागरीत आणि कुठे रोमनमध्ये ठेवलंत तर यादीत दोन वेगळे राग होतात. एमपी३टॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर फाईली एकदम निवडून एकसारखं करून टाका. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर एमपी३मधले जुने आयडी३ आवृत्ती १ चे टॅग काढा. त्यांत युनिकोड नाही आणि नावाला जेमतेम ३० बाइट मिळतात. आवृत्ती २.३ चे ठेवा.

मूळ धागाकर्ता: दोघांचेही आभार, बराच उजेड पडला. दोन शंका उरल्या. सी-९० कॅसेटची अख्खी बाजू म्हणजे ४५ मिनिटांची एकच फाईल आहे. त्यात बडा ख्याल, छोटा ख्याल, मध्येच कोणाचं तरी खोकणं आणि शेवटी ठुमरी. हे कसं तोडावं? आणि आमच्या जुन्या इमारतीच्या भिंती जाड आहेत, आतल्या खोलीत फ्लॅकला वायफाय पुरेल का?

प्रतिसाद (खारघरहून): सीडीचा आवाज कच्चा धरला तरी सेकंदाला १४११ किलोबिट, फ्लॅक त्याहून कमीच. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, मग आतल्या खोलीतल्या मशिनांना वायफाय पुरेल. कॅसेटसाठी ऑडॅसिटीत जागोजागी लेबलं लावा आणि लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाईली एक्सपोर्ट करा. मूळ ४५ मिनिटांची फाईल मात्र दुसऱ्या डिस्कवर तशीच राहू द्या, खोकल्यासकट. आणि बाबांना विजेचा हिशोब दाखवा: जुना लॅपटॉप सरासरी १५ वॉट धरला तर दिवसरात्र चालू ठेवून महिन्याला ११ युनिटच्या आसपास.