पन्हाळा–पावनखिंड मोहीम जुलैतच का?

पायवाट:
दरवर्षी जुलैत या वाटेला माणसांची रीघ लागते. ही मोहीम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरनंतर न्यावी. वाटेतल्या मसाई पठारावर जांभ्या दगडावरची माती जेमतेम दोन बोटं. गेंद, सीतेची आसवं ही रानफुलं ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतात, त्यांचे कोंब नेमके जुलैत पायाखाली येतात. डबकं दिसलं की पुढचा कडेनं जातो, मागचा त्याच्याही कडेनं. हातभर पायवाटेची गाडीवाट व्हायला दोन शनिवार पुरतात.

आषाढसर:
अजिबात पटत नाही. शिवराय पन्हाळ्यावरून निसटले ती 12 जुलै 1660 ची रात्र भर आषाढातली. चिखल, धुकं, फुगलेले ओढे अंगावर घेतल्याशिवाय ती मजल कळत नाही, आणि बाजीप्रभूंनी घोडखिंडच, म्हणजे आजची पावनखिंड, का धरली हेही कळत नाही. अरुंद जागा, निसरडे दगड; तिथं मोठ्या फौजेला पसरताच येत नाही. शिवाय ऑक्टोबरात गवत एवढं वाढलेलं असतं की पाऊल कुठं पडतंय ते दिसत नाही.

खाचरवाला:
भावांनो, पठार उतरल्यावर काय? वाड्यावाड्यांत तेव्हा भाताची रोपलावण चालू असते. ओला बांध पायाखाली खचला की वरच्या खाचरातलं पाणी खाली उतरतं आणि नुकती लावलेली रोपं उघडी पडतात. जुलै बंद करा म्हणत नाही, वाड्यांतल्या घरांना मुक्काम-जेवणाचे चार पैसे तेव्हाच मिळतात. पण बांधावर पाय नको.

आषाढसर:
हे शंभर टक्के मान्य. वीसजणांची तुकडी, एकामागे एक, आणि डबक्यातूनच सरळ; बूट भिजणारच आहेत. ओढ्याचं पाणी लाल होऊन त्यात काटक्या-पाचोळा आला की वरती पाऊस वाढलाय असं समजा. गुडघ्यावर पाणी असेल तर दोर असला तरी उतरू नका. सर थांबली की डोंगरातला ओढा बहुधा लवकर ओसरतो. जळू ओढायची नाही, नखानं कडेनं सरकवायची.

पायवाट:
वाटेबद्दल ठीक. पण वीसच्या पन्नास तुकड्या एकाच रविवारी आल्या तर हजारच झाले की! तारखा वाटून घ्या. आणि पठारावर गाड्या, तंबू नकोच. तंबूभोवती चर खणला की ती दोन बोटं माती पुढच्या सरीत धुऊन जाते, उरतो नुसता जांभा.