अढी घालायला दम कुणाला आहे?

सड्यावरची (धागाकर्ती)

परवा एका गिऱ्हाइकाने पेटी परत पाठवायची धमकी दिली. कारण काय, तर आंबे हिरवे आले. प्रत्येक पेटीत मी हाताने लिहिलेली चिठ्ठी घालते : 'आंबे चौदा आणे तयार आहेत. घरी आठ-दहा दिवसांत पिकतील. फ्रीजमध्ये ठेवू नका.' त्या चिठ्ठीचाच फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि खाली एक ओळ : 'आम्हाला आंबे हवे होते, गृहपाठ नको.'

आधी हसू आलं, मग राग आला.

आमच्याकडे देवगड तालुक्यात अजून माडीवर अढी घालतो. खाली भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर एकाला एक न रेटता आंबे, वर पुन्हा पेंढा. दोन-तीन थरांपलीकडे जायचं नाही, खालच्या आंब्यांना उष्मा होतो. पहिले चार दिवस काहीच घडत नाही. सहाव्या दिवशी दार उघडलं की वास आधी भेटायला येतो. मग रोज उलथापालथ, झालेले बाजूला, न झालेले पुन्हा पेंढ्यात. साल पिवळी झाली की शहरी माणूस तुटून पडतो. आमची आई म्हणायची, देठाशी जराशी सुरकुती पडू दे, मग काप. त्या दोन दिवसांत जी गोडी उतरते ती आधी नसते.

यंदा भाचा आला होता सुट्टीला, आठवीतला. चौथ्या दिवशी गुपचूप माडीवर जाऊन सगळ्या आंब्यांना अंगठा लावून आला. पिकल्यावर चौदा आंब्यांवर अंगठ्याएवढे काळे डाग! विचारलं तर म्हणाला, 'मावशी, ट्रॅकिंग कुठे आहे याचं?'

जिन्नस दहा मिनिटांत दारात आला पाहिजे, निकाल दुसऱ्या दिवशी दिसला पाहिजे, पैसे महिन्यात दुप्पट झाले पाहिजेत. या हट्टापायीच कार्बाइडच्या पुड्या पेट्यांत शिरल्या. बंदी आहे तरी शिरतात. साल पिवळीधमक आणि आत आंबट पांढरट गर. 'शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही' असं म्हणतात. आता शिजेपर्यंतही धरवत नाही. तुम्हाला काय वाटतं?

तिसरा_मजला

मला वाटतं, तुमचं गिऱ्हाईक बरोबर होतं.

ठाण्यात साडेचारशे चौरस फुटांत आम्ही चौघं राहतो. पेंढा कुठून आणू? पलंगाखाली वर्तमानपत्रात आंबे ठेवले तर निम्मे सडतात, निम्मे तसेच. डझनाला हजार-बाराशे मोजायचे आणि पिकवायची जबाबदारीही माझीच? शिंप्याकडून काजं न केलेला सदरा आणतो का आपण?

आणि 'घाई म्हणजे कार्बाइड' हे समीकरण चुकीचं आहे. पिकताना आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो. तोच वायू बंद खोलीत, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत देऊन फळं पिकवायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. चार-पाच दिवसांत सगळी खोली एकसारखी पिकते. यात पाप काय?

सड्यावरची

पाप नाही. इथिलीनला माझा विरोध नाही, कोवळ्या आंब्याला आहे. पिकवायचं चेंबर आहे म्हणून बारा आण्यांचा, म्हणजे पाऊणच भरलेला, आंबा उतरवतात. त्याला रंग चढतो, पण झाडावरून जे आणलंच नाही ते चेंबर कुठून देणार?

काजांचं मान्य. ते लागलं मला.

खळ्यातलो_तात्या

अगो बाय, तू चिठ्ठ्यो कित्याक लिवतंस? मुंबैकारांक वाचूक वेळ आसा खंय?

माझ्या आज्यान परड्यात फणस लावलो. बापाशीन खाल्लो, मी खातंय. आज्याक एक गरो गावलो नाय. पण तो काय संयम-बिंयम म्हणा नाय. आठळी पडली, माती लोटल्यान, झाला. तेका दुसरा काम होता. तुम्ही लोक वाट बघूचीसुद्धा जाहिरात करतात.

कलमवाला

तात्यांचा फणस गोड आहे, पण फणसावर कुणी सोसायटीचं कर्ज काढत नाही. मी काढलंय, आंब्यावर. म्हणून थोडं कडू लिहितो.

धाग्यातला संयम मला परवडत नाही. जूनमध्ये खत, पालवीपासून तुडतुड्यांच्या फवारण्या, मोहोरावर थ्रिप्स आले की आणखी दोन, मग राखण, उतरवणी, पेट्या, वाशीचं भाडं. हे सगळं दलालाकडून उचल घेऊन. उचल घेतली की माल कधी उतरवायचा हे मी ठरवत नाही. फेब्रुवारीत पहिल्या पेट्यांना जो भाव मिळतो त्याच्या चौथाईवर मे महिन्यात यावं लागतं, आणि शेवटचा माल कॅनिंगला किलोवर जातो. सांगा, मी चौदा आण्यांची वाट बघू की बाराला घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) लावू? आणि वाट बघताना अवकाळी आला तर झाडावरचा संयम खाली पडून फुटतो.

दुसरं, हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. तो दरवर्षी यावा म्हणून आम्ही पॅक्लोब्युट्राझॉल देतो, आमच्या तोंडी कल्टार. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे : दहा वर्षांवरची कलमं, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली. पालवीचा जोर आवरतो, मोहोर लवकर येतो. यालाही घाई म्हणणार असाल तर म्हणा. याच घाईवर माझी मुलगी नर्सिंग शिकली.

सड्यावरची

दादा, कल्टार आमच्याही बागेत आहे, खोटं कशाला बोलू. पण तुम्हीच सांगा, मालक घालतो तेवढंच घालतात का सगळे? दोन वर्षांच्या कराराने बाग घेणारा हात राखून घालतो का? आमच्या शेजारची ऐंशी कलमं अशीच गेली. तीन वर्षं आंब्यांनी लवली, मग फांद्यांची टोकं वाळत आली, आता पाला मुठीएवढा येतो. करारवाल्याने दुसरीकडे बाग धरली, आणि मालकाची सून त्या वाळक्या फांद्या चुलीला तोडते.

कलमवाला

बरोबर आहे. पण मालकाने बाग कराराने का दिली तेही विचारा. त्यालाही एकरकमी पैसे हवे होते, मुलाच्या डिप्लोमाच्या फीसाठी. त्याला धीर नव्हता असं नाही. कॉलेजला नव्हता.

फळा_खडू

शिक्षक आहे, म्हणून थोडं लांबेल.

लहान मुलांच्या धीराचा एक प्रयोग सगळीकडे सांगतात. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने साठ-सत्तरच्या दशकात केलेला. मुलासमोर एक गोड वडी ठेवायची : 'मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील.' ज्यांनी दम धरला ती मुलं पुढे शिक्षणात सरस ठरली, असा बोलबाला झाला. पालकसभेत मीही हे किती वर्षं सांगत होतो.

मग कळलं की २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं गेलं. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तो फरक बराचसा विरून गेला. त्याहून मला हलवणारा प्रयोग २०१३ चा आहे, रोचेस्टर विद्यापीठातला. वडी द्यायच्या आधी प्रयोग घेणाऱ्या बाईंनी मुलांना सांगितलं, थांब, तुला चांगले रंग आणून देते. काहींना खरंच आणून दिले. काहींना 'अरे, नाहीत वाटतं' म्हणून हात हलवत परत आल्या. मग वडी ठेवली. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं ती तीन मिनिटं.

आमच्या शाळेत खिचडीच्या रांगेत एक मुलगा रोज ढकलाढकली करतो. मी त्याला 'हावरट' म्हणायचो. दोन वर्षांनी कळलं, त्याच्या घरी पाच भावंडं आणि एक टोप. उशिरा येणाऱ्याला खरवड. तो तीन मिनिटांवाला झाला तो असा. त्याला संयमाचा पाठ द्यायचा की रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यालाही पोटभर मिळतं हे दाखवायचं? मी आता दर शुक्रवारी वाढप शेवटून सुरू करतो. ढकलाढकली थांबली असं म्हणणार नाही. कमी झालीय.

पाचवा_अटेम्प्ट

सरांना दंडवत. आता माझी वडी बघा.

चिपळूणचा. वय २९. स्पर्धा परीक्षा. 'धीर धर, फळ मिळेल' हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतोय. जाहिरात लांबते, परीक्षा लांबते, निकाल लागला तर नियुक्ती लांबते. माझ्यासोबतचा एक जण दुसऱ्या वर्षी सोडून खाडीत कालवं पाळायला लागला, त्याला सगळे उतावळा म्हणाले. आज त्याच्याकडे होडी आहे. माझ्याकडे नोट्स.

वाट बघणं आणि अडकून पडणं बाहेरून सारखंच दिसतं हो. आंब्याचा निदान वास तरी येतो.

खळ्यातलो_तात्या

झिला, अढीत रवान कुजतत ते आंबे वेगळे काढूचे लागतत. तू कुजाक नाय हां. पण माडीवरसून खाली ये.

वाडीतली

श्रीवर्धनहून. मी सहसा लिहीत नाही.

सासऱ्यांनी वाडी लावली तेव्हा आमच्या ह्यांचा जन्मही नव्हता. बाणवली (उंच जातीचा) माड धरायला सहा-सात वर्षं, सुपारीलाही तेवढीच. खाली जायफळ. वर्षं मोजून, पाट फिरवून, एकेक झाड उभं केलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी पत्रे गेले, मग पोफळी मोडायला लागल्या. पोफळ मोडते तेव्हा काठी मोडल्यासारखा आवाज होतो. आम्ही देवघरात बसून आवाज मोजत होतो, शंभरानंतर मोजायचं सोडलं. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समुद्र दिसला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या दारातून कधी समुद्र दिसला नव्हता.

तेव्हापासून धीर हा शब्द कुणी उच्चारला की मला त्या उजेडाची आठवण होते. पुन्हा लावलंय. जाऊबाईंनी ठेंगण्या जातीचे माड लावले, लवकर धरतात म्हणून. मी बाणवलीच लावले. तिचे आता नारळ उतरतात, माझे अजून नाहीत. तिला नावं ठेवू का? तिने डोळ्यांनी बघायचं ठरवलं, एवढंच.

रोपवाटिका

वाडीतली ताईंनंतर लिहायला संकोच वाटतोय, तरी एक भर.

ज्या हापूसला आपण इथे धीराचा देव केलंय तो मुळात घाईचाच आहे! कोयीपासून वाढलेलं रायवळ झाड आठ-दहा वर्षांनी फळतं आणि आईसारखं फळ देईलच याचा भरवसा नाही. म्हणून आपण पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या कोंबावर हापूसची काडी बांधतो, कोय कलम. पाच वर्षांत आंबा, तोही हवा तोच. पोर्तुगीजांच्या काळात आंब्याची कलमं बांधली गेली नसती तर आज भौगोलिक मानांकनाचा टिळा लावून मिरवायला हापूस नसताच. आणि आता दहा मीटरऐवजी पाच मीटरवर लावा म्हणून विद्यापीठच सांगतं.

कोंबावर काडी बांधली की मात्र पट्टी उकलून बघायची नाही. पोरं बघतात, कलम मरतं. माझं म्हणणं इतकंच की घाई कुठे करायची हे कळलं पाहिजे. बांधताना हात भरभर चालवा, काप सुकता कामा नये. बांधल्यावर हात मागे.

तिसरा_मजला

एवढं सगळं वाचून एक कबुली. गेल्या वर्षी मी हिरवी पेटी परत केली होती. तुमची नव्हे, दुसऱ्यांची. त्यांनी पैसे परत दिले आणि म्हणाले, पेटी राहू दे. कंटाळून ती गॅलरीत ढकलली. अकराव्या दिवशी शेजारच्या आजींनी बेल वाजवली : 'तुमच्याकडे हापूस पिकलाय, वास येतोय.' निम्मे त्यांनीच खाल्ले.

तरी माझं मत कायम. विकणाऱ्याने पिकवून द्यावा. पण एक सुचवू? पेटी मिश्र करा. दोन डझन तयार, दोन डझन चार दिवसांनी होणारे, एक डझन हिरवे. वरच्या थरावर खूण करा. म्हणजे पहिल्या दिवशी पोरांना खाता येईल आणि उरलेल्यांची वाट बघायला ती तयार होतील.

सड्यावरची

तयार आंबा प्रवासात दबतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून पिकलेले दोन डझन म्हणजे ठाण्याला पोचेपर्यंत रसच. पण पाडाचे (पिकायला लागलेले) टाकता येतील, ते दोन दिवसांत होतात. पाडाचे खाली की वर हे ठरवावं लागेल, वास लागून हिरवेही लवकर पिकतील. भाच्याला बसवते या कामाला, अंगठा खिशात ठेवून.

यंदाचा माल संपला. पुढच्या वर्षी बुकिंग पाडव्यानंतर. आधी फोन करू नका, उचलणार नाही.

खळ्यातलो_तात्या

माझी एक पेटी आताच लिवन ठेव गो.