विज्ञानकथांचं फॅनझिन काढणं म्हणजे कागदाचा नास आहे का?

कृष्णाकाठ

सांगली-मिरजेच्या वाचकगटात परवा एकांनी लिहिलं: "चार जण जमतात, विज्ञानकथांचं फॅनझिन झेरॉक्सवर काढतात, पिना मारतात आणि ओळखीपाळखीत वाटतात. निव्वळ कागदाचा नास. ब्लॉगवर टाका, जगभर वाचतील. आणि लेखनात दम असेल तर दिवाळी अंकवाले घेतीलच की." त्या चार जणांपैकी मी एक. (फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी स्वखर्चाने काढलेला छोटा अंक.) राग आला, आणि दोन ओळींत तो मावणार नाही म्हणून इथे लिहितोय.

जगभर वाचलं जावं म्हणून फॅनझिन कुणी काढत नाही. उत्तर यावं म्हणून काढतात. माझ्या कथा ब्लॉगवर किती वर्षं पडून आहेत. तिथे वाचनांचा आकडा दिसतो, वाचणारा माणूस दिसत नाही. त्याच कथा ए-फोर कागद दुमडून, पाठपोट छापून वाटल्या आणि पत्रं यायला लागली. "यान कृष्णेच्या पात्रात उतरवलंत, पण पात्रात पाणी होतं की वाळू उपसल्यावरचे खड्डे?" असं विचारणारी पत्रं. पुढचा अंक त्या पत्रांवरच उभा राहतो.

ही काही आमची शक्कल नाही. ह्यूगो गर्न्सबॅक या प्रकाशकाने १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं आणि पत्रांच्या सदरात वाचकांचे पत्ते छापले. झालं! वाचक संपादकाला बाजूला ठेवून एकमेकांनाच लिहायला लागले. त्यातून मंडळं निघाली आणि मे १९३० मध्ये सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने 'द कॉमेट' काढलं. पहिलं विज्ञानकथा फॅनझिन म्हणून त्याचं नाव घेतात. त्या काळी हेक्टोग्राफवर, म्हणजे जेलीवरून प्रती उठवायच्या साधनावर, जेमतेम पन्नासेक प्रती निघायच्या, पुढे शाई फिकी पडायची. पण त्या पन्नासांतले बरेच जण उलट लिहायचे.

आपल्याकडे विज्ञानकथा आहे. लेखक आहेत, स्पर्धा आहेत, दिवाळी अंक आहेत. पण एका वाचकाने दुसऱ्या वाचकाशी त्या कथेवरून भांडावं अशी जागा कुठे आहे? दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो, आणि त्यातल्या कथेवरचं तुमचं म्हणणं पुढच्या दिवाळीपर्यंत कोण लक्षात ठेवतो? ती जागा आम्ही करतोय. कागद आमचा, पैसे आमचे.

विश्रामबागकर

ती पोस्ट माझी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तुम्ही अमेरिकेत फिरून आलात, मी इथलंच सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा: जयंत विष्णू नारळीकर. आपलं नाव बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून टोपणनाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातची लिहिलेली. पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ परीक्षेला बसला, आणि तुम्हाला परीक्षाच नको. तुमच्या अंकात निवडतं कोण? तुम्हीच. लिहितं कोण? तुम्हीच. मग वाईट कथेला वाईट कोण म्हणणार?

मराठीत विज्ञानकथेला अजून 'पोरांसाठीचं काहीतरी' म्हणून बाजूला सारतात. अशात कच्चं लिखाण बाहेर आलं की नावं ठेवणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं. माझा राग त्यावर आहे.

स्टेन्सिलवाला

वयाने मोठा आहे म्हणून मध्ये बोलतो. कच्च्या लिखाणाची एवढी धास्ती कशाला, साहेब? १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या कवीमंडळींनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइलवरच, म्हणजे मेणकागदाची स्टेन्सिल कापून. साठच्या दशकातली अनियतकालिकं तशीच निघाली. कुणाच्या परवानगीने?

मी कचेरीत टायपिस्ट होतो. स्टेन्सिल कापताना टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, म्हणजे टाइप मेणकागदावर थेट बसतो. चूक झाली की लाल फ्लुइड लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की पुन्हा टाइप. अनुस्वाराचा टिंब जोरात बसला तर भोक पडायचं आणि छापताना तिथे शाईचा डाग यायचा. एक पान चुकलं की तासभर गेला. त्यामुळे माणूस लिहिण्याआधी विचार करायचा.

आता तुमच्या झेरॉक्सवाल्यांबद्दल. युनिकोडमध्ये टाइप करून न्या, डीटीपीवाला म्हणतो श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत द्या. कन्व्हर्टरमधून काढलं की रफार भलत्या अक्षरावर, 'ऱ्या'चा चौकोन. एवढी यंत्रं आली आणि 'कैवल्य' धड छापता येत नाही. कृष्णाकाठ, तुमच्या मागच्या अंकात सहाव्या पानावर 'गुरुत्वाकर्षण' तीन ठिकाणी तीन तऱ्हेने आहे. हे मला सहन होत नाही.

मिरजेची_रेवा

काका, सहावं पान माझं होतं. पुढच्या वेळी प्रूफ तुमच्याकडे आणून देते, खरंच.

विश्रामबागकर सर, परीक्षेच्या चाळणीचं म्हणताय ते कळतं. पण चाळणीपर्यंत पोचणारे कोण असतात? मी इंजिनिअरिंगला आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा पाठवायची माझी छातीच झाली नसती. फॅनझिनमध्ये आधी एक पत्र छापून आलं, मग त्या पत्रावर एका निवृत्त शिक्षकांचं उत्तर आलं, मग मी कथा लिहिली. पत्रापासून कथेपर्यंतचा तो रस्ता मला दुसरीकडे कुणी दिला नाही.

आणि हे फक्त माझं नाही. 'स्टार ट्रेक'चं पहिलं फॅनझिन 'स्पॉकनेलिया' १९६७ मध्ये निघालं, ते दोन बायकांनी काढलं. त्यानंतर त्या मालिकेच्या फॅनझिनांत लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. मोठ्या मासिकांत त्यांना कोण विचारत होतं?

विश्रामबागकर

तुमची कथा मी वाचली आहे, रेवाताई. तिच्यावर नंतर बोलतो.

पलूसकर

एवढ्या लांब कशाला जाता? आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याचं घरगुती पत्रक. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक केलं, १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर' काढलं. माळावरच्या एका गावातून अख्ख्या महाराष्ट्राला वाचायला मिळालं. सुरुवात पत्रकानेच झाली ना?

विश्रामबागकर

त्याच्यामागे नांगर विकणारा कारखाना होता. यांच्यामागे झेरॉक्सची उधारी आहे.

गावभाग

तुम्ही सगळे कागद कागद करताय, म्हणून बोलते. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात राहणाऱ्या बाईला कागदाचं कौतुक सांगू नका.

माझ्या वडिलांकडे 'नवल'चे अंक होते. अंतरकरांचं 'नवल', गूढकथा आणि विज्ञानकथांचं. सालवार बांधून माळ्यावर ठेवलेले. २००५ ला पुराचं पाणी आलं तेव्हा माळ्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून २०१९ लाही आम्ही निश्चिंत राहिलो. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. उतरल्यावर घरात गेलो तर माळ्यावर चिखलाचे ठोकळे होते. पान उलटायला गेलं की हातात लगदा. वडील दारातच बसून राहिले, आत आले नाहीत. नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली ती वेगळीच.

तेव्हा अंक काढा, पण स्कॅन करून ठेवा. नाहीतर पुढच्या पुरात तुमची सगळी चळवळ घंटागाडीत जाईल.

कृष्णाकाठ

ताई, वाचून वाईट वाटलं. स्कॅनचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. आयोवा विद्यापीठाने हेव्हलिन नावाच्या चाहत्याचा संग्रह सांभाळलाय, दहा हजारांच्या घरात फॅनझिनं, आणि ती स्कॅन करायचं काम त्यांनी हाती घेतलं. पण नुसत्या डिजिटलवरही विसंबू नका. जिओसिटीज ही लोकांची वेबपानं ठेवणारी साइट २००९ मध्ये बंद झाली, ऑर्कुट २०१४ मध्ये. तिथली मराठी लेखनाची पानं आज कुठे शोधायची? आमच्या अंकाच्या प्रती पन्नास घरांत आहेत. पन्नासही घरं एकदम बुडणार नाहीत.

हळदबाजार

का नाही बुडणार? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटर झाली की पन्नास काय, पाचशे घरं बुडतील. ते बोला आधी. अंक कसले काढताय राव.

पलूसकर

आला अलमट्टी. पुराच्या अभ्यासासाठी सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल वाचलाय का? २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नाही, असं त्यांनी लिहिलंय. कमी दिवसांत कोसळलेला पाऊस आणि नदीकाठची अतिक्रमणं ही कारणं दिली आहेत.

हळदबाजार

अहवाल एसीत बसून लिहितात ओ. पाणी उतरायला किती दिवस लागले ते आम्ही बघितलंय. खाली वाट मोकळी असती तर तुंबलं असतं का? माझं गोदाम होतं, हळदीची पोती होती. अहवाल घेऊन या आणि ती पोती वाळवून दाखवा.

पलूसकर

गोदाम पूररेषेच्या आत बांधायला परवानगी कुणी दिली, तेही सांगा की मग.

हळदबाजार

जीभ सांभाळून. गोदाम आजोबांच्या काळचं आहे. तेव्हा तुमची निळी रेषा आणि लाल रेषा जन्मालाही आली नव्हती.

गावभाग

दोघंही थांबा. मी पुराचं सांगितलं ते वडिलांच्या अंकांसाठी, धरणासाठी नाही. ज्याचं गेलं त्याला कारण कुठलंही सांगा, सारखंच लागतं. पलूसकर, तुमचा अहवाल खरा असेलही. पण ज्याची पोती भिजली त्याला पूररेषा विचारणं मला बरं वाटलं नाही.

पलूसकर

रेषेचं विचारलं ते मागे घेतो. अहवालाचं मागे घेत नाही.

स्टेन्सिलवाला

पुरावरून आठवलं. हेक्टोग्राफची जांभळी शाई पाण्यात सोडा, नुसत्या उन्हातही उडते. सायक्लोस्टाइलची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही, कागदच आधी जातो. झेरॉक्सचा टोनर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर पिशवीला चिकटतो. तेव्हा अंक कागदी पाकिटात ठेवा आणि उंचावर ठेवा. आणि बाहेरगावी पाठवायचे तर सोय काय उरलीय? २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. सोळा पानांच्या अंकाला स्पीड पोस्ट? टपालखर्चात अंक निघेल. पत्रव्यवहारावर जगणाऱ्या माणसांचा विचार कुणी केला का?

विश्रामबागकर

टपालाबाबत शंभर टक्के सहमत. धाग्यावर एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

आता मूळ मुद्दा. विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरीने विशीच्या आत, १९३९ ला स्वतःचं फॅनझिन काढलं, सुपरमॅन घडवणाऱ्या सीगलनेही तरुणपणी काढलं, असं कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. पुढे मोठे झाले त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक असतात. बाकीच्या शेकडो अंकांत काय होतं, कुणी विचारतं का?

आणि रेवाताई, तुमची कथा. नायिका मंगळावर उघड्यावर घागरीने झाडाला पाणी घालते. झाडाचं सोडा, पाण्याचं बघा. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, सरासरी सहा मिलिबारच्या आसपास. पाण्याचा त्रिबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली पाणी द्रव राहूच शकत नाही तो दाब, ६.११ मिलिबारवर. म्हणजे घागर कलती केली की पाणी उकळणार आणि गोठणारही. परीक्षकाने पहिल्याच वाचनात ही कथा बाजूला ठेवली असती. हेच मी सांगतोय.

मिरजेची_रेवा

सर, परीक्षकाने बाजूला ठेवली असती आणि का ठेवली ते मला कधी कळलंच नसतं. तुम्ही सांगितलंत.

पण तुम्ही सरासरी घेताय. माझी वसाहत मंगळावरच्या हेलास खोऱ्याच्या तळाशी आहे. तो तळ सरासरी पातळीच्या सात किलोमीटर खाली आहे, तिथे दाब बारा मिलिबारपर्यंत जातो. त्या दाबाला पाणी शून्य ते साधारण दहा अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. उन्हाळ्यातल्या दुपारी तेवढं तापमान मिळतं. घागर रिकामी होईपर्यंत पुरे.

विश्रामबागकर

कथेत हेलास हा शब्द कुठे आहे?

मिरजेची_रेवा

चौथ्या पानावर "खोऱ्याच्या तळाशी" असं आहे. आजी म्हणते ते वाक्य.

कृष्णाकाठ

नाव पहिल्या खर्ड्यात होतं. पान भरलं म्हणून मी ती ओळ कापली. सर, हे सगळं पत्र म्हणून द्याल का? पुढच्या अंकात तुमचं पत्र आणि समोरच्या पानावर रेवाचं उत्तर, दोन्ही पूर्ण छापतो.

विश्रामबागकर

फॅनझिनबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पत्र देतो, कारण चुकीचं विज्ञान छापून तसंच राहिलं तर मला झोप येणार नाही. दोन अटी. एक, एकही ओळ कापायची नाही. दोन, प्रूफ स्टेन्सिलवाल्यांनी बघायचं, कारण ६.११ मधला टिंब झेरॉक्समध्ये उडाला तर सहाशे अकरा वाचलं जाईल.

आणि रेवाताई, हेलास मान्य केलं तरी हवा कोरडी आहे. उकळलं नाही तरी बाष्पीभवन जोरात होणार, आणि त्याने पाणी झपाट्याने थंड होणार. मुळांपर्यंत किती पोचेल याचं गणित तुमच्या उत्तरात हवं. घागर किती लिटरची, तेही लिहा.