अर्थिंगची वायर प्रत्येक प्लगपर्यंत पोचलीय की नाही, कसं चेक करायचं?

गोदाकाठचा_गडी:
नमस्कार मंडळी. नाशिकला जुन्या बिल्डिंगमधे रिसेलचा फ्लॅट घेतलाय, किचन आणि बाल्कनीचं वायरिंग नवीन करून घेतलं, हॉल-बेडरूमचं जुनंच ठेवलं. वॉशिंग मशीन बाल्कनीत आहे, ओल्या पायाने बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात, शॉक म्हणण्याइतका नाही पण घरातलं कोणी आता मशीनला हात लावायला तयार नाही. वायरमनला बोलावलं तर त्याने किचनच्या प्लगात फेज आणि अर्थला होल्डरचा बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला, म्हणे अर्थिंग एकदम ओके. मग मी मल्टीमीटर लावला. मशीन जोडलेली ठेवून बाजूच्याच सॉकेटात मोजलं तर फेज-अर्थ ११८ आणि न्यूट्रल-अर्थ ११५ व्होल्ट. हे असं अर्धं-अर्धं कसं काय? वायरमन म्हणतो एवढंच वाटत असेल तर बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारून देतो, झिणझिण्या बंद. करू देऊ का?

पॅनेलवाला:
अजिबात नको!! जंपर मारला की बॉडी न्यूट्रलला जोडली जाते, आज झिणझिण्या बंद होतील पण उद्या तो न्यूट्रल मागे कुठे लूज झाला किंवा तुटला तर मशीन बंद पडेल आणि बॉडीवर सरळ २३० येतील. हे लोक असं सर्रास करतात, कारण बल्ब पेटतो आणि गिऱ्हाईक खूश.
अर्धं-अर्धं का, तर मशीनच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून बॉडीला एक न्यूट्रलवरून बॉडीला. हिरवी (अर्थची) वायर मधेच तुटलेली असली की बॉडी तरंगत राहते आणि बरोबर मधला व्होल्टेज घेते. म्हणजे बाल्कनीच्या बोर्डापर्यंत अर्थ पोचलेलंच नाही. किचनमधे बल्ब पेटला त्यावरून बाल्कनीचं काय कळणार?

मेगरमामा:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. आता तपासायचं कसं ते सांगतो, पण डीबी (घरातला एमसीबींचा मेन बोर्ड) उघडायची सवय नसेल तर लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या आणि शेजारी उभे राहून आकडे स्वतः लिहून घ्या.
सगळी उपकरणं प्लगातून काढा, मेन बंद करा, टेस्टर आधी चालू सॉकेटात लावून बघा आणि मगच बंद झालेल्यावर, कारण टेस्टरच मेलेला असला तर त्याच्यावर काय विश्वास ठेवणार. मग डीबीत त्या सर्किटची फेज एमसीबीतून (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) काढा, न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडलेली पट्टी) सोडा, हिरवी अर्थबारवरून (तशीच अर्थची पट्टी) काढा आणि फेज आणि हिरवी एका कनेक्टरमधे जोडा. हिरवी बारवरून काढायची ती यासाठी की गिझरचा पाइप, दुसऱ्या सर्किटची अर्थ अशा आडवाटेने मीटरला रस्ता मिळतो आणि तुटलेली वायरपण ओके दिसते. आता मीटर २०० ओहमच्या रेंजवर घेऊन प्रत्येक सॉकेटात फेज आणि अर्थच्या भोकात मोजा. त्याआधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, जो आकडा येईल तो वायरींचा स्वतःचा, तो प्रत्येक वेळी वजा करायचा.
किती यायला पाहिजे? तांब्याची अडीच एमएम किलोमीटरला ७.४१ ओहम, दीड एमएम १२.१. फेज अडीच, अर्थ दीड आणि लांबी १५ मीटर धरली तर ०.२९ ओहम. उन्हाळ्यात थोडं जास्त दिसेल, पण ०.३ च्या जागी २ आला तर जोड खराब.
नुसत्या बीपवर जाऊ नका, बऱ्याच मीटरचा बीप ३०-४० ओहमलाही वाजतो. खरं तर यासाठी कंटिन्युटी टेस्टर वेगळा असतो, तो किमान २०० मिलीअँपिअर सोडतो, साधा मीटर जेमतेम मिलीअँपिअरभर. आणि एकाच तारेवर लटकलेली वायर दोन्हीला चकवू शकते, म्हणून स्क्रू उघडून ओढून बघणं आलंच.
काम झाल्यावर तो फेज-अर्थचा जोड काढायला विसरू नका, नाहीतर मेन टाकल्यावर धडाम.

साधा_माणूस_पुणे:
एवढा उद्योग कशाला, आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, झालं.

मेगरमामा:
आरसीसीबी बसवायचाच, ३० मिलीअँपिअरचा, त्यात वाद नाही. पण ते टेस्टचं बटण घरातल्या अर्थला हातसुद्धा लावत नाही, आतल्या रेझिस्टरमधून फेज-न्यूट्रलमधेच करंट फिरवतं. हिरवी वायर पूर्ण कापून टाका, तरी बटण दाबल्यावर तो उडणारच. आणि अर्थ नसेल तर लीकेज झाल्या झाल्या उडायच्या ऐवजी माणसाचा हात लागल्यावर उडेल.

गोदाकाठचा_गडी:
दुसऱ्या वायरमनकडून करून घेतलं. किचन ०.३, बाल्कनी ओएल, म्हणजे वायर जोडलेलीच नाही! बाल्कनीचा बोर्ड उघडला तर हिरवी पाइपातच संपलेली, स्विचबोर्डापर्यंत ओढलेलीच नव्हती, सॉकेटच्या अर्थ टर्मिनलला नुसता एक हिरवा तुकडा लावून ठेवलेला 😡 नवीन ओढल्यावर ०.४ आला, न्यूट्रल-अर्थ आता व्होल्टच्या आत, झिणझिण्या गेल्या. पण जुन्या बेडरूमच्या शेवटच्या प्लगात १.९ दाखवतंय, अंतर साधारण १८ मीटर. चालेल का? डीबीत त्याला १६ चा सी कर्व्ह एमसीबी आहे.

पॅनेलवाला:
नाही चालणार. सी कर्व्ह प्रकारचा एमसीबी नक्की लगेच उडायला रेटिंगच्या दहापट, म्हणजे १६ ला १६० अँपिअर धरायचे, म्हणजे २३० भागिले १६०, अख्ख्या लूपला (फेजने जाऊन अर्थने परत येणारा पूर्ण रस्ता, घराबाहेरचाही) मिळून १.४४ ओहम. तुमचे १.९ तर घरातल्या घरातच गेले, बाहेरचं अजून धरलंच नाही. बेडरूममधे हिरवी एका बोर्डातून दुसऱ्यात लूप मारत गेली असणार, तर डीबीकडून सुरू करून एकेका बोर्डावर मोजत जा, जिथे आकडा एकदम उडी मारेल त्या बोर्डाचा किंवा त्याच्या आधीच्या बोर्डाचा स्क्रू लूज किंवा काळा पडलेला सापडेल.