ब्रश कटरात कुठलं पेट्रोल?

शिंदेकाका (सोसायटीचे सचिव): सर्वांना कळविण्यात येते की नवीन ब्रश कटर (गवत कापायचं मशीन) आला आहे. मागच्या बाजूचं, किल्ल्याकडचं गवत कमरेएवढं झालंय. रविवारी काढू. माळीमामा विचारतायत, पेट्रोलात ऑइल किती घालायचं?

वैभव बी-२०३: काका, लिटरला ४० मिली. आमच्या पाटणच्या शेतावर तेवढंच घालतात.

अश्विनी ए-१०१: शेतावरचं नका सांगू ओ. मशीनवर काय लिहिलंय ते बघा. २५:१ (पेट्रोल २५ भाग, ऑइल १ भाग) असेल तर ४० मिली, ५०:१ असेल तर २०.

शिंदेकाका: टाकीच्या झाकणावर २५:१ आहे.

वैभव बी-२०३: म्हणजे माझंच बरोबर 😎

देशमुख सी-३०२: साधं पेट्रोल कशाला? प्रीमियम घ्या, मशीन टिकेल.

निकमसर ए-३०४: देशमुख, पैसे वाया. एवढ्याशा इंजिनाला जास्त ऑक्टेनचा काही उपयोग नाही. खरी भानगड इथेनॉलची आहे. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि अशा बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. साताऱ्याचा पावसाळा, त्यात अर्धा भरलेला कॅन. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं आणि ऑइल वर पेट्रोलातच राहतं. टाकीतला फिल्टर नेमका तळाशी. इंजिनात मग बिनऑइलचं पाणी-इथेनॉल जातं. चालू राहिलं तर पिस्टन जाम. शिवाय कार्बोरेटरचा पडदा, रबरी नळ्या कडक होतात त्या वेगळ्याच.

वैभव बी-२०३: आपलाच ऊस, आपलंच इथेनॉल, आणि खर्च पण आपलाच 😂

अश्विनी ए-१०१: सर, मग करायचं काय? इथेनॉल नसलेलं मिळतं का?

निकमसर ए-३०४: १०० ऑक्टेनचं एक मिळतं, पण गवतासाठी एवढं महाग कोण घेणार? थोडंच आणायचं, ताजं आणायचं. मिसळलेलं महिन्याच्या वर ठेवायचं नाही. मिश्रण कॅनमध्ये करायचं, टाकीत नाही. आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवायचं, मग उरलेलं. आपला ब्रश कटर टू-स्ट्रोक, म्हणून ऑइल टू-टीच (टू-स्ट्रोकचं) घ्या, बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी ही दर्जाची खूण बघून. गाडीचं इंजिन ऑइल अजिबात नको. दसऱ्यानंतर गवत संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

शिंदेकाका: जनरेटरला पण हेच वापरलं तर एकच कॅन पुरेल.

निकमसर ए-३०४: नाही नाही! तो फोर-स्ट्रोक. त्याचं ऑइल खाली वेगळं असतं, पेट्रोल साधंच. कॅन दोन ठेवा, मोठ्या अक्षरात लिहून.

कुलकर्णीकाकू बी-१०२: ते कॅन मीटररूममध्ये ठेवणार असाल तर माझा विरोध आहे. वर आमचंच बेडरूम.

अश्विनी ए-१०१: काकूंचं बरोबर. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या नकोत, धातूचा कॅन घ्या. घरी विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. आपल्याला २ लिटर पुरे.

शिंदेकाका: ठीक. कॅन पंपाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत, कुलूप लावून. चावी माझ्याकडे.

देशमुख सी-३०२: कॅनचे पैसे मेंटेनन्समधून की वर्गणी?

शिंदेकाका: मेंटेनन्समधून. पावती टाकतो.

कुलकर्णीकाकू बी-१०२: रविवारी ९ च्या आधी चालू करू नका. नातवाचा पेपर आहे सोमवारी, रात्री जागतोय.