शिमग्याला 'परेड' म्हणायचं का?

खाडीकाठ:
आमच्या तालुक्यात पर्यटन महोत्सवाचा बॅनर लागलाय: 'भव्य शिमगा परेड'. चार गावांच्या ग्रामदेवतांच्या पालख्या रांगेने मुख्य रस्त्यावरून, स्टेजसमोरून जाणार. वेळ सायंकाळी ५ ते ७.

इंग्रजी शब्दाला माझा विरोध नाही. टेबल, बस, स्टेशन सगळं पचवून बसलोय आपण. विरोध अर्थाला आहे. परेड हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला. तेव्हापासून त्याला दोन अर्थ चिकटलेत, एक फौज मांडून तपासणी घेण्याचा, दुसरा निव्वळ दिखाव्याचा. पालखीत यातलं काय आहे? पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसते, भोवनीला म्हणजे गावफेरीला निघते, घराघरात येते. अंगण सारवलेलं असतं, म्हातारी ओटी भरते, गुरव गाऱ्हाणं घालतो, मुंबईहून आलेला पोरगा खांदा द्यायला धडपडतो. वाडीतलं शेवटचं घर मातीचं असलं तरी देव तिथे टेकतोच. स्टेजसमोरून न थांबता पुढे काढलेली पालखी ही खरंच परेड आहे. पण मग तिला शिमगा म्हणू नका.

जुना_मास्तर:
व्युत्पत्ती अर्ध्यावर सोडलीत. फ्रेंच शब्दामागे स्पॅनिश 'पारादा' आणि इटालियन 'पाराता' आहेत, आणि त्यांच्या मुळाशी लॅटिन 'पारारे', म्हणजे सज्ज करणं. इटालियनमध्ये हा धातू 'वार अडवणं' या अर्थाकडे वळला. तलवारबाजीतला 'पॅरी' तिथलाच. ऊन अडवणारी पॅरासोल, पडणं सावरणारं पॅराशूट, गच्चीचा पॅरापेट ही सगळी त्याच गोतावळ्यातली. आणि स्पॅनिश पारादा म्हणजे काय? थांबणं! तिकडे आजही बसथांब्याला पारादाच म्हणतात.

आता सांगा, दारोदार थांबणाऱ्या पालखीला याहून चपखल शब्द कुठला? उलट 'प्रोसेशन' अडचणीचा, त्याच्या मुळातच 'पुढे चालणं' आहे.

खाडीकाठ:
मास्तर, बॅनर वाचणाऱ्या किती जणांना स्पॅनिश येतं? शब्दाचा अर्थ आजच्या वापरावरून ठरतो. आजोळावरून ठरवायला गेलात तर 'मोर्चा' काढणाऱ्यांना खंदकात बसावं लागेल.

सड्यावरून:
वा, हे उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय! मोर्चा म्हणजे तोफा लावून धरलेली जागा, खंदक. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून शाबूत आहे. तोच जागचा न हलणारा मोर्चा आज घोषणा देत कलेक्टर कचेरीवर जातो. म्हणजे मूळ थांबण्याचं आणि वापर चालण्याचा, हा प्रवास मराठीतही झालाय आणि कोणाचं बिघडलं नाही. परेडचं बिघडेल ते का?

शिवाय परेडला चालावंच लागतं असंही नाही. पोलिसांच्या ओळख परेडमध्ये सगळे भिंतीला लागून उभे असतात. मुंबईतलं कफ परेड तर रस्ता आहे. तिथे परेड म्हणजे समुद्राकाठी फिरायची जागा, इंग्लंडातल्या किनाऱ्यावरच्या गावांत असते तशी. इतका लवचीक शब्द आहे हा.

खाडीकाठ:
लवचीक आहे म्हणून कुठेही ताणायचा? 'आमदारांची परेड' हेही त्याच लवचीकपणातून आलं. राज्यपालांपुढे डोकी मोजायला उभं करायचं. या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे (कफ परेड सोडा): कोणीतरी बघणारा मोठा असतो आणि त्याच्यासमोर बाकीचे मांडलेले असतात. माझं दुखणं तेच आहे. देव मांडायचा आणि स्टेजवर पाहुणे बसवायचे.

जुना_मास्तर:
मग 'मिरवणूक' चालेल का? मिरवणे म्हणजे दिखावाच की. स्वतःच्या भाषेतला तेवढा सोवळा?

खाडीकाठ:
पालखीला आमच्याकडे मिरवणूक कोणी म्हणत नाही. पालखी 'येते'.

वसईवाला:
आमच्याकडे चर्चच्या सणाला 'प्रोसेशन' हाच शब्द रुळलाय आणि कोणाला खटकत नाही. गोव्यात याच अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचं कोकणीत 'पुरशांव' झालं. गोवा वेल्हा इथे ईस्टरआधीच्या उपासकाळात संतांच्या मूर्ती खांद्यावरून नेतात, त्याला 'संतांचें पुरशांव' म्हणतात. परका शब्द भक्तीत मुरतो, वेळ द्यावा लागतो इतकंच. आणि गोव्यात शिगमोची (तिकडच्या शिमग्याची) फ्लोट परेड, म्हणजे चित्ररथांची, पणजी, मडगावला होते, तरी गावागावातला शिगमो आपल्या जागी असतोच. दोन्ही नांदतात.

माडाखाली:
आमच्या कुडाळ भागात शिमग्यात ढोल वाजवीत निघतत, तेका रोंबाट म्हणतत. तेका परेड म्हटल्यार देव काय रुसाचो नाय. पण रोंबाट ५ ते ७ च्या मध्ये संपता, ह्या कोणी ऐकला? ढोल तापाकच तास जाता!

सड्यावरून:
खाडीकाठ, 'बघणारा मोठा' हा मुद्दा मान्य, पण तो शब्दामुळे होतो हे अमान्य. रोह्याला जाऊन बघा. तिथल्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, तेव्हा पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. गणवेश, बंदुका, हुकूम, सगळा परेडचाच थाट. तिथे मांडलेले असतात पोलीस, आणि मोठी असते पालखी. परेड आहे, फक्त तोंड योग्य दिशेला आहे. तुमच्या महोत्सवात स्टेज हटवा आणि पाहुण्यांना रस्त्यावर उभं करा, मग खुशाल परेड म्हणा.

खाडीकाठ:
स्टेज हटवलं तर प्रायोजकाचा बोर्ड कुठे लागणार?

खांदेकरी:
एवढा वेळ वाचतोय. लॅटिन झालं, स्पॅनिश झालं. मी पालखी खांद्यावर घेणारा माणूस, माझा प्रश्न साधा आहे. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, आधी कोणाच्या दारात, खांदा कोणी द्यायचा, हे मानपान ठरलेले असतात. त्यावरून भांडणं कोर्टापर्यंत गेलेली गावं आहेत. चार गावांच्या पालख्या एका रांगेत लावणार, तर पहिली कोणाची? गावची हद्द ओलांडून देव न्यायचा तर कौल लावून देवाची परवानगी घेतली का? मानकऱ्यांना, गावकऱ्यांना कोणी विचारलं का?

खाडीकाठ:
परवा बैठक ठेवलीय. बॅनर गेल्या आठवड्यात छापला.